मजुरी, खोली आणि सवलत : सातारा-सांगलीकडच्या आपल्या कुटुंबांची वाटचाल



वर्धापनदिनाला आपण विहारात जमतो, त्रिसरण-पंचशील घेतो, परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन करतो, खीरदान होते आणि सगळे घरी जातात. घरी गेल्यावर मात्र महिन्याचा हिशोब समोर उभा असतो. खोलीचे भाडे, लाईट बिल, गॅसची टाकी, पोरांची फी, म्हाताऱ्यांची औषधे. हातात येतो तो रोजंदारीचा पैसा, नाहीतर कंत्राटदाराकडचा पगार. रेशनवर काय मिळेल आणि शिष्यवृत्ती कधी जमा होईल याचा भरवसा नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे हातावरचे पोट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

हा प्रश्न आजचा वाटत असला तरी त्याची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत. आणि त्या इतिहासातल्या कितीतरी घटना आपल्याच सातारा-सांगली मुलखात घडल्या आहेत. आपल्या मुलांना हे शाळेच्या पुस्तकात सापडणार नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास थोडक्यात मांडत आहे.

घर होते, मजुरी नव्हती

जुन्या काळी खेड्यात आपल्या माणसाला भाड्याची खोली बघावी लागत नसे. गावकुसाबाहेर महारवाडा ठरलेला असे. पण ते घर फुकटचे नव्हते. त्याच्या बदल्यात गावकी करावी लागे. सरकारी टपाल पोचवायचे, साऱ्याची रक्कम तालुक्याला न्यायची, दौऱ्यावर आलेल्या साहेबाची सरबराई करायची, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री पळायचे, मेलेले जनावर ओढायचे. मोबदला काय, तर वतनाच्या इनाम जमिनीचा एखादा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागितलेली भाकरी. इंग्रज सरकारने १८७४ च्या वतन कायद्याने या पद्धतीला कायद्याचे रूप दिले. कामाचे तास ठरलेले नव्हते. कर्ता माणूस हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पुढे व्हावे लागे. जमिनीचे तर भाऊबंदांत वाटप होऊन इतके तुकडे झाले होते की त्यावर एका घराचे चार महिने निघणे मुश्कील.

बाबासाहेबांनी या गुलामीवर नेमके बोट ठेवले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. सरकारी काम करून घेता ना, मग रोख पगार द्या. ज्याला वतन सोडायचे आहे त्याला सोडू द्या आणि जमीन त्याच्याकडे राहू द्या, असा त्यांचा आग्रह होता. ते बिल मंजूर झाले नाही. ही वतने रद्द करणारा कायदा शेवटी १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला. बाबासाहेब ते पाहायला नव्हते. त्यातही जमीन आपल्या नावावर करून घ्यायची तर कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरावी लागे. ज्याच्याकडे रोख पैसा कधी आलाच नाही, त्याने ती कुठून भरायची?

यातून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडले, ते हौसेने नाही. गावातले छप्पर आणि फुकटची राबणूक एकाच दोरीने बांधलेली होती. राबणूक तोडायची तर छप्पर सोडावे लागत होते. तिथून भाड्याच्या खोलीचा प्रवास सुरू झाला.

दुष्काळी कामापासून रोजगार हमीपर्यंत

बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले हे सर्वांना माहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले गेले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. त्या काळात सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला होते. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली, मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळल्यावर कोणी गाडीवान बैलगाडीत घेईना. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि आपल्या विहारात ती अनेकदा सांगितली जाते.

पण गोरेगावला सुभेदार कशाचे खजिनदार होते, हे सहसा सांगितले जात नाही. तिथे सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. दुष्काळाने हजारो माणसे मरत होती, त्यांना काम आणि चार पैसे मिळावेत म्हणून ते काम होते. म्हणजे भीमरावांचे वडील दुष्काळी कामावरच्या मजुरांची रोकड सांभाळत होते. माण-खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या लोकांना दुष्काळी काम म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. खडी फोडून ज्यांनी दिवस काढले, त्यात आपल्या आया-आज्या पुष्कळ होत्या.

याच मुलखातून पुढे एक मोठी कल्पना निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तासगाव तालुक्याशी नाते असलेले गृहस्थ. जो काम मागेल त्याला सरकारने काम दिले पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला आणि त्याचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या मोठ्या दुष्काळाने ती योजना राज्यभर नेली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्याने कर द्यायचा आणि खेड्यातल्याला काम मिळायचे, अशी ती व्यवस्था. पुढे २००५ साली केंद्र सरकारने देशभरासाठी वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

याच योजनेने एक धडाही दिला. १९८८ साली रोजगार हमीवरचे मजुरीचे दर किमान वेतनाच्या बरोबरीने वाढवण्यात आले. लोकांना आनंद झाला. पण नंतरच्या काळात कामेच कमी निघू लागली. दर वाढला आणि हजेरी घटली. कागदावर हक्क वाढतो आणि प्रत्यक्षात हाती कमी पडते, हे आपण पुढेही अनेकदा पाहिले आहे.

गिरणगावातली एक खोली

सातारा जिल्ह्यातून (तेव्हा आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता; दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० साली) माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथेही जात आडवी आली. कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त मिळे, पण त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि दुसऱ्याला विटाळ होतो! म्हणून आपल्या माणसांना कमी पगाराच्या खात्यात राहावे लागे. कमी मजुरी ही नुसती गरिबीची गोष्ट नव्हती, ती जातीने ठरवून दिलेली होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न उपस्थित केला.

राहायला काय, तर एक खोली. सुभेदार रामजी मुलांना घेऊन साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. तिथेच चूल, तिथेच अंथरूण, तिथेच अभ्यास. रात्री दोन वाजता सुभेदार भीमरावांना उठवत, कारण तेव्हाच काय ती शांतता मिळे. पुढे बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापक झाले. तो काळ पाहता पगार चांगला होता. तरीही ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले, घरखर्चाला मोजके पैसे देऊन बाकीचे विलायतेच्या शिक्षणासाठी साठवले. त्या मोजक्या पैशात घर चालवले ते माता रमाईने. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा इतिहास लिहिताना रमाईच्या त्या हिशोबाची वहीसुद्धा इतिहासात धरली पाहिजे.

मुंबईत निदान चाळ तरी मिळाली. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना नोकरी होती, पगार होता, परदेशातली पदवी होती, पण राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. दहा-अकरा दिवसांत लोक काठ्या घेऊन दारात आले आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. खिशात पैसे असूनही खोली मिळत नाही, हा अनुभव आपल्यातल्या कितीतरी जणांना आजही येतो. आडनाव विचारतात, गाव विचारतात, मग "खोली आत्ताच दिली" असे सांगतात. म्हणून आपल्यासाठी घराचा खर्च नुसता भाड्याचा नसतो. जिथे घेतात तिथेच राहावे लागते आणि मागतील ते द्यावे लागते.

हे सगळे भोगलेला माणूस १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री झाला, तेव्हा त्याने काय केले ते पाहा. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणला. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे बिल मांडले, त्याचाच १९४८ साली कायदा झाला. २०१९ च्या वेतन संहितेत पुढे तो सामावून घेण्यात आला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तीही त्यांच्याच प्रयत्नाने. मजुरी आणि सवलत या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी सोबत पुढे नेल्या. बापाला किमान मजुरी आणि पोराला शिष्यवृत्ती, दोन्ही मिळाल्याशिवाय घर उभे राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

धम्म घेतला आणि सवलत गेली

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपण नवा जन्म घेतला. पण सरकारी कागदावर त्याची किंमत मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, असे होते. (१९५६ मध्येच त्यात शिखांचा समावेश झाला.) बौद्ध झाला की सवलत गेली. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव नोकरी, सगळेच अडले. खेड्यात मेलेली जनावरे ओढणे सोडले म्हणून बहिष्कार, आणि शहरात धर्म सोडला म्हणून सवलती बंद, अशा कात्रीत आपली माणसे सापडली.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्य सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, त्यांचा जन्म आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. त्यामुळे आपली मुले वसतिगृहात राहू शकली, शिकली, शिक्षक आणि तलाठी झाली. पण केंद्राच्या सवलती मात्र १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. १९५६ पासून १९९० पर्यंत, चौतीस वर्षे! आपल्या भागात याचा अर्थ काय होता? मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन. रेल्वे, पोस्ट, बँका या केंद्राच्या नोकऱ्या. कायम पगार, क्वार्टर, पास, पेन्शन. या नोकऱ्यांत दाखल्यावर "बौद्ध" लिहिणाऱ्याला राखीव जागा नव्हती. काहींनी पोटासाठी जुनी जात कागदावर ठेवली आणि मनाने बौद्ध राहिले. काहींनी "बौद्ध" लिहिले आणि नोकरी सोडून दिली. दोघांनाही नावे ठेवू नयेत. एकाने पोरांच्या तोंडातला घास वाचवला, दुसऱ्याने आपल्या धम्माची नोंद जपली. एका माणसावर या दोनपैकी एकच निवडायची वेळ आणणारा तो नियम चुकीचा होता. १९९० साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि तो अन्याय दूर झाला. पण त्या चौतीस वर्षांत ज्या घराला क्वार्टर मिळाले नाही, त्या घराची पुढची पिढी भाड्याच्या खोलीतच वाढली.

सांगली-मिरज-कुपवाडची गोष्ट

आता आपल्या शहराकडे येऊ. हळदीच्या पेठेतली हमाली, मार्केट यार्डातली वखार, कुपवाड आणि मिरजेची एमआयडीसी, दवाखान्यांतली साफसफाई आणि आयाची कामे, बांधकाम, धुणीभांडी. या कामांवर आपली पुष्कळ घरे चालली आहेत. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी तिन्ही गावांची मिळून महानगरपालिका झाली. जागेचे भाव महानगराचे झाले, मजुरी तशी वाढली नाही. कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली.

त्याच सुमारास रेशनचा नियम बदलला. १९९७ पर्यंत रेशन सर्वांसाठी होते. त्या वर्षी दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे दोन भाग झाले, आणि १९९९ पासून पिवळे, केशरी, पांढरे कार्ड आले. पिवळ्या कार्डाला वर्षाचे उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवे होते. रोज कामाला जाणारा माणूस त्या रेषेच्या जरा वर गेला की केशरी कार्डात ढकलला जाई. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, माणशी ५ किलो धान्य मिळू लागले, जानेवारी २०२३ पासून ते मोफतही झाले. हे चांगलेच झाले. पण त्यासाठी शहरात वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा ठरवली गेली. बारांनी भागून बघा, महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. म्हणजे कायद्याप्रमाणे किमान वेतन घेणारा मजूर धान्याच्या मर्यादेबाहेर जातो! एक कायदा म्हणतो इतके तरी मिळालेच पाहिजे, दुसरा म्हणतो इतके मिळत असेल तर तू गरीब नाहीस.

घरकुलाचेही तसेच. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी २००८ साली रमाई आवास योजना सुरू झाली. महापालिका हद्दीत अडीच लाखांपर्यंत अनुदान ठरले. माता रमाईचे नाव दिले, मनाला बरे वाटले. पण घर बांधायला पायाखाली जागा स्वतःची हवी. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या भाडेकरूला या योजनेचा उपयोग कसा व्हायचा? त्यामुळे ज्यांची वस्तीत जुनी जागा होती त्यांची घरे पक्की झाली, आणि भाड्याने राहणारे भाड्यानेच राहिले.

यात कृष्णामाईचा पूर आहेच. २००५, २०१९ आणि २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. स्वस्त खोल्या बहुधा सखल भागात असतात, आणि पाणी पहिल्यांदा तिथेच शिरते. भाड्यात वाचवलेले पैसे पुरात कपडे, धान्य, पुस्तके आणि दाखल्यांसकट वाहून जातात.

आणि सवलतींचा पैसा? २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर उघड नाराजी दाखवली. त्या योजनेचे दीड हजार रुपये आपल्याही बहिणींना मिळतात आणि ते त्यांच्या हक्काचे आहेत. पण भावाच्या शिक्षणाच्या पैशातून बहिणीला भाऊबीज घालणे, याला न्याय म्हणता येत नाही.

तथागतांचा हिशोब

भगवान बुद्धांनी संसारी माणसाला गरिबीत सुख मान, असा उपदेश केलेला नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खाण्या-राहण्याला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. आता समजा, आपल्या एका घरात नवरा-बायकोची मिळून पंधरा हजारांची कमाई आहे आणि खोलीचे भाडे चार हजार आहे. पहिला भाग खोलीतच संपला, चूल अजून पेटलेली नाही! हा दोष त्या कुटुंबाच्या उधळेपणाचा नाही.

त्याच सुत्तात मालकाची कर्तव्येही आहेत. ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात सांगितले आहे की राजाने गरिबांना धन दिले नाही, त्यातून दारिद्र्य वाढले, आणि दारिद्र्यातून चोरी व हिंसा आली. कूटदन्त सुत्तात यज्ञ करू पाहणाऱ्या राजाला शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन देण्याचा सल्ला दिला आहे. म्हणजे काटकसर हे आपले कर्तव्य, आणि वेतन व आधार हे राज्याचे कर्तव्य. आपण आपला वाटा पाळतो. दुसऱ्या वाट्याची मागणी करणे हेही धम्माला धरूनच आहे.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट, कागद. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, असे तो सांगतो. भाड्याची पावती मागणे हा हक्क आहे. भाडेकरूला हुसकण्यासाठी पाणी किंवा लाईट तोडता येत नाही. करार असला की पत्ता होतो, पत्ता झाला की रेशनकार्ड, रहिवासी दाखला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांची वाट मोकळी होते.

दुसरी गोष्ट, माहिती. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत नसल्याने अर्ज परत येतात. विहाराच्या कमिटीने जून महिन्याआधी एखादा रविवार दाखल्यांसाठी ठेवला आणि वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी अर्ज भरून दिले, तर कितीतरी पोरांचे वर्ष वाचेल.

तिसरी गोष्ट, महिला मंडळाचा बचत गट. अडीनडीला सावकाराकडे जाण्यापेक्षा तथागतांनी सांगितलेला तो चौथा भाग, महिन्याला पन्नास-शंभर रुपये का होईना, गटात पडावा.

आणि शेवटची गोष्ट आपल्या विहाराची. ही वास्तू आपल्याच मजुरीच्या पैशातून उभी आहे. तिचे भाडे कोणाला द्यायचे नाही, तिथून आपल्याला कोणी आडनाव विचारून उठवणार नाही. रोज वंदना झाल्यावर ती कुलूपबंद होते, तेव्हा आसपासच्या एका खोलीच्या घरांत दहावी-बारावीची मुले टीव्हीच्या आवाजात पुस्तक उघडून बसलेली असतात. डबक चाळीतल्या मुलाला शांततेसाठी रात्री दोनला उठावे लागले. आपल्या मुलांना निदान रात्री दहापर्यंत विहाराचा दिवा आणि सतरंजी मिळावी. वर्धापनदिनाच्या या वर्षी कमिटीने आणि आपण सर्वांनी एवढे मनावर घ्यावे, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!